बोरे चाखून घेता, माणसे का नाही?

दिवाळीच्या फराळाच्या ताटासमोर भांडण काढू नये, असे आमची आई सांगत असे. आज तिची क्षमा मागून तो नेम मोडतो. वाचकहो, हातात चकली असेल तर ती खाली ठेवू नका. खाता खाता ऐका. भांडण तुमच्याशी नाही, निदान सगळ्यांशी नाही. परंतु तुमच्या घरातले एखादे पोर नोकरीच्या मुलाखतीला निघाले असेल, आणि तुम्ही त्याला 'तिथे आपले गावठी बोलणे जरा आवर हं' असे बजावले असेल, तर थोडे तुमच्याशीही आहे.

मी राहणारा मेहरूणचा. मेहरूण आता जळगाव शहरातच जमा झाले आहे. शहरवासीयांच्या लेखी मेहरूण म्हणजे सकाळी फिरायला जाण्याचा तलाव, गणपती विसर्जनाची जागा, आणि थंडी पडली की येणारी बोरे. बोरांच्या बागा घरांच्या प्लॉटांनी गिळल्या, तरी 'मेहरूणची बोरे' म्हटले की जुन्या माणसाच्या तोंडाला अजून पाणी सुटते. फळ अंगाने लहान, दिसायला बेताचे. शेजारच्या टोपलीत मोठाली कलमी बोरे तकतकीत बसलेली असतात. त्यांच्यापुढे आमचे बोर म्हणजे श्रीमंताच्या लग्नात आलेला गरीब पाहुणा. पण बोरवाली बाई नुसते बोर दाखवून विकीत नाही. ती एक बोर तुमच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "खाऊन पाहा, मग घ्या." किरकोळ पैशांच्या बोरांची ही रीत. माणसाला मात्र तीस-पस्तीस वर्षांसाठी घ्यावयाचे, तर आपण त्याला खुर्चीवर बसवतो, दहा मिनिटे न्याहाळतो आणि ठरवून टाकतो. माझे भांडण ते हे.

ते सुरू कसे झाले ते सांगतो. गेल्या वर्षी भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. ताईचे सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. ओवाळणी झाली, फराळ झाला, तरी भाचा काही खोलीबाहेर येईना. आतून पुटपुटणे तेवढे ऐकू येत होते. मला वाटले, पोरगा स्तोत्र पाठ करतो आहे. ताई म्हणाली, "अरे भाऊ, त्याला पुण्याकडच्या कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले आहे. क्लास लावला आहे. पंधरा दिवस झाले, हेच चालले आहे."

भाच्याने यंत्रविद्येचा डिप्लोमा केला होता आणि दीड वर्ष आमच्या एम. आय. डी. सी.तल्या एका डाळ मिलमध्ये यंत्रांच्या देखभालीचे काम करीत होता. मी त्याची वही मागितली. वहीत पन्नास प्रश्न होते आणि त्यांची पन्नास उत्तरे. तुमचा दोष कोणता? उत्तर : मी फार काटेकोर आहे, काम पुरे झाल्याशिवाय मला झोप येत नाही. (आमचे चिरंजीव सुटीच्या दिवशी साडेआठपर्यंत झोपतात, हे सारी गल्ली जाणते.) आमच्याच कारखान्यात यावेसे का वाटते? उत्तर : लहानपणापासून या कारखान्याचे स्वप्न पाहत आलो. कारखान्याचे नाव त्याने तीन आठवड्यांपूर्वी प्रथम ऐकले होते. पाच वर्षांनी स्वतःला कोठे पाहता? उत्तर : आपल्याच संस्थेत, अधिक जबाबदारीच्या जागी.

इतके मी हसून सोडले असते. पण शेवटच्या पानावर लाल शाईने दोन सूचना होत्या. एक : गाव विचारले तर मेहरूण म्हणू नये, जळगाव म्हणावे. दुसरी : डाळ मिलचा उल्लेख टाळावा, अगदी विचारलेच तर 'कृषिप्रक्रिया क्षेत्रातील अनुभव' असे म्हणावे.

मी म्हणालो, "अरे, त्या मिलमध्ये तू दीड वर्ष काय केलेस, ते या वहीत कुठे आहे?"

तो म्हणाला, "मामा, ते सांगू नका म्हणतात. छोटी जागा वाटते."

"मला तर सांग."

पोरगा आधी लाजला. मग बोलू लागला, आणि बोलता बोलता क्लासची भाषा गळून पडली. "मामा, एलिव्हेटरचं बेअरिंग दर महिन्याले जाये. मालक म्हणे, माल हलका येतो. म्या दोरी लावीसन पाह्यली, तं शाफ्ट रेषेत नव्हताच." बेअरिंग हलक्या प्रतीचे नव्हतेच; शाफ्ट जरासा वाकडा बसलेला असल्याने एका बाजूवर भार येत होता आणि नवे बेअरिंगही तापून खराब होत होते. याने एका टोकाखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालून शाफ्ट दोरीत आणला. त्यानंतर त्या जागचे बेअरिंग सात महिने टिकले आणि तो मला हे सांगत होता तेव्हाही फिरतच होते. हे सांगताना त्याचे हात हवेत शाफ्ट धरीत होते, डोळे चमकत होते. आणि हीच एक गोष्ट त्या पन्नास उत्तरांत नव्हती!

मी वही मिटली आणि तेथूनच भांडणाला तोंड फुटले. दाजी म्हणाले, "तुमचे पेन्शन चालू आहे, तुम्हांला तत्त्वे परवडतात. पुण्या-मुंबईची पोरे फाडफाड बोलतात. आमचे पोर 'महिन्याले' म्हणाले की संपले. जगाची रीतच ती आहे."

दाजींचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्यात खरे पुष्कळ आहे. स्वच्छ, इस्त्रीचे कपडे घालावेत. वेळेच्या अर्धा तास आधी पोचावे, आणि गाव लांबचे असेल तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करावा. प्रमाणपत्रांच्या प्रती क्रमाने लावून न्याव्यात. समोरच्याला समजेल अशा मराठीत सावकाश बोलावे, आणि इंग्रजी येत नसेल तर ती आजपासून शिकावी. या सगळ्याला माझा पाठिंबाच आहे. पाहुण्यांकडे जाताना आपण अंगण झाडल्या कपड्यांनी जात नाही. माझा विरोध आहे तो उसन्या उत्तरांना. खोटे बोलण्यातले पाप बाजूला ठेवा, व्यवहार तेवढा पाहा. 'मी फार काटेकोर आहे' हे उत्तर समोरच्या साहेबाने सकाळपासून दहा जणांच्या तोंडून ऐकलेले असते. त्याने नुसते "बरे, असा काटेकोरपणा आपण अलीकडे कधी केलात?" एवढे विचारले, की पाठांतर संपते आणि पोराच्या कपाळाला घाम फुटतो. बेअरिंगची गोष्ट सांगणाऱ्याला मात्र पुढचे दहा प्रश्न विचारा; तो जागचा हलणार नाही, कारण तो तेथे स्वतः उभा होता.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांवर टीका करण्याआधी, मीही तेथे बसलो होतो हे कबूल केले पाहिजे.

पुष्कळ वर्षे झाली. एका शिक्षणसंस्थेत (नाव सांगत नाही) प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा भरावयाची होती. निवड समितीत चौघे होतो, त्यांतला एक मी. तापीकाठच्या एका खेड्यातून एक मुलगी आली होती. एस. टी.त उभ्याने आलेली, पायांत धुळीने माखलेल्या चपला, हातात कापडी पिशवी. आमच्यापैकी एकाने विचारले, "तुमच्या आयुष्याचे ध्येय काय?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "नोकरी." आम्ही हसलो. चौघेही हसलो. मग आणखी दोन प्रश्न झाले, ते मला आठवतही नाहीत, आणि चार-पाच मिनिटांत ती बाहेर गेली. तिच्यानंतर आलेला तरुण ध्येयावर पाच मिनिटे बोलला. विज्ञान, राष्ट्र, सेवा, सगळे काही त्यात आले. आम्ही एकमताने त्याला घेतले.

तिसऱ्या महिन्यात त्या तरुणाने गंधकाम्लाच्या भांड्यात पाणी ओतले. आम्ल पाण्यात हळूहळू सोडावयाचे असते, पाणी आम्लात ओतावयाचे नसते. तसे ओतले की ते उसळून अंगावर येते. सुदैवाने विद्यार्थी दूर होते आणि त्याचा स्वतःचाही हातच काय तो भाजला. त्या संध्याकाळी मी कपाटातून जुने अर्ज काढले. त्या मुलीच्या अर्जावर तिच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते, की गावच्या हायस्कुलात दोन वर्षे रोजंदारीवर तिने प्रयोगशाळा सांभाळली होती. आम्ही चौघांनी तिचे ध्येय विचारले. तिचा अर्ज एकानेही वाचला नव्हता. दोन बाटल्या आणि एक चंचुपात्र तिच्यापुढे ठेवून "हे आम्ल सौम्य करून दाखवा" एवढे म्हटले असते, तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. ती पुढे कोठे गेली, तिला नोकरी मिळाली की नाही, हे मला ठाऊक नाही. आमचे हसणे मात्र तिला आठवत असणार.

एका माणसाच्या पश्चात्तापावरून सिद्धांत मांडू नये, हे मला समजते. म्हणून चार बाहेरच्या गोष्टी सांगतो. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निकाल १९८० सालचा. अजय हसिया खटला म्हणून तो ओळखला जातो. लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी मुलाखतीला ५०. मुलाखत उमेदवारामागे दोन-तीन मिनिटांची. आणि वडील कोण, राहता कोठे, असलेच प्रश्न विचारले, ही तक्रार. न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला, की अशा प्रवेशांत एकूण गुणांपैकी १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीचे होईल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, असेही त्यांनी सुचविले. पुढे १९८५ साली हरियाणाच्या लोकसेवा आयोगाच्या खटल्यात तर प्रश्न नोकरीचाच होता. तेथे सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचे गुण २२.२ टक्के होते. न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाचे त्या वेळचे १२.२ टक्क्यांचे प्रमाण पुढे ठेवले आणि त्याहून अधिक नको म्हटले. आज केंद्रीय आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी गुण १७५० आणि मुलाखतीचे २७५ आहेत. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६पासून खालच्या श्रेणींतील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. एवढ्या मोठ्या सरकारला जी कसोटी भरवशाची वाटेना, तिच्यासाठी आपण पोरांना नवे तोंड लावून पाठवतो आहोत!

कोणी म्हणेल, मग मुलाखत नकोच का? तसे मी म्हणत नाही. नुसत्या लेखी परीक्षेतही पाठांतराचे घोडे पुढे जाते. थॉमस एडिसनने १९२१ साली नोकरीला येणाऱ्यांसाठी सामान्यज्ञानाची लांबलचक प्रश्नपत्रिका काढली होती. तिच्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला कोणी विचारला, तर त्या थोर माणसाने सरळ सांगितले, की पुस्तकात सहज सापडणारी माहिती मी डोक्यात वाहून नेत नाही. एडिसनच्या कारखान्यात आइन्स्टाइनचा काही निभाव लागला नसता.

मुलाखत कशी घेतली म्हणजे माणूस कळतो, याचाही अभ्यास झालेला आहे. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचे संशोधन एकत्र करून ताळा मांडला. नोकरीतले पुढचे काम आणि आधीची कसोटी यांचा मेळ पूर्ण बसला तर १, मुळीच न बसला तर शून्य, असे धरले, तर मनाला येईल ते विचारणाऱ्या मोकळ्या मुलाखतीचा आकडा ०.३८ आला, प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, कामासंबंधीच विचारून आधी ठरविलेल्या मापाने गुण देणाऱ्या मुलाखतीचा ०.५१. पुढे २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे फिरून तपासले आणि बहुतेक कसोट्यांचे आकडे खाली आणले. तरीही कामाला धरून घेतलेली ठरीव मुलाखत यादीच्या माथ्यावरच राहिली. आमच्या बोरवाल्या बाईने यांतले काही वाचलेले नाही. तिला ते हातानेच ठाऊक आहे.

तर मग तयारी कसली करावयाची? त्या भाऊबीजेनंतर मी भाच्याबरोबर काय केले ते सांगतो. आठ दिवस रोज पहाटे आम्ही तलावाकाठी गेलो. नेम असा, की फिरता फिरता त्याने स्वतः केलेले एक काम सांगावयाचे : अडचण काय होती, त्याने काय पाहिले, काय केले, आणि शेवटी फरक किती पडला. मी फक्त दोनच प्रश्न विचारीत असे, "मग?" आणि "कशावरून?" पहिल्या दिवशी त्याची गोष्ट दोन मिनिटांत संपली. चौथ्या दिवशी त्याला आकडे आठवू लागले. सहाव्या दिवशी एक फजितीही आठवली. पट्टा जास्त ताणला होता आणि अर्धा दिवस मिल बंद पडली होती. मी म्हटले, "दोष कोणता विचारले, तर ही सांग. आणि त्यानंतर पट्टा ताणताना काय बघू लागलास, तेही सांग."

सातव्या दिवशी त्याला एका जुन्या फिटरकडे नेले. आपल्या माणसासमोर सराव करून भागत नाही, परक्याच्या डोळ्यांची सवय व्हावी लागते. फिटरबाबांनी कारखान्यातल्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राबद्दल विचारले. भाचा थांबला आणि म्हणाला, "हे मी केलेले नाही, बाबा. पण मला द्याल, तर आधी कुठून गळते का ते बघेन." फिटरबाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "न्या याला." तो काय बनवतो, कोणती यंत्रे वापरतो, हे त्या पुण्याच्या कारखान्याबद्दल वाचून काढले, आणि त्यांना विचारावयाचे दोन खरे प्रश्न तयार ठेवले. मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट. भेटीत दोन्ही बाजूंनी बोलावे लागते.

भाषेचा प्रश्न उरला. मी सांगितले, "महिन्याला म्हण, त्यांना समजायला सोपे जाईल. चुकून 'महिन्याले' आले, तर जीभ चावू नकोस, पुढे चल. आणि गाव विचारले तर मेहरूण सांग." केंद्रीय लोकसेवा आयोगासमोरसुद्धा लेखी परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखत मराठीतून देता येते. मग एका कारखान्याच्या दारात आपण एवढे का वाकावे?

पुण्याची नोकरी त्याला मिळाली नाही. हे लपवून ठेवले असते, तर त्या पन्नास उत्तरांच्या वहीत आणि माझ्यात फरक राहिला नसता. दाजींनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. भाचा मात्र परत आला तो सरळ मानेने. म्हणाला, "मामा, कामाचं काही विचारलंच नाही. घरात कोण इंजिनिअर आहे, एवढं विचारलं." फाल्गुनात नाशिकच्या एका लहान कारखान्याने बोलावले. तेथे त्याला खुर्चीवर बसविलेच नाही. थेट यंत्राजवळ नेले आणि म्हणाले, हे आवाज का करते ते बघ. तो आता तेथे कामाला आहे. पगार पुण्यापेक्षा कमी आहे, हेही सांगून टाकतो.

आता अखेरचे गाऱ्हाणे पलीकडे बसणाऱ्यांकडे. या अंकाच्या वाचकांत तुम्हीही असाल : संस्थांचे चिटणीस, कारखान्यांचे व्यवस्थापक, बँकांचे अधिकारी. आमच्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. आसोद्याची ही बाई निरक्षर होती. शेतात आणि जात्यावर ती जे गात होती ते इतरांनी लिहून ठेवले, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आले. तिची भाषा खानदेशची, घरातली आणि शेतातली. तिच्या नावाची कमान आपण मोठ्या अभिमानाने दाखवतो, आणि त्याच कमानीतून शिकून आलेले पोर तिच्या बोलीचा एक शब्द बोलले, की ओठ मुरडतो. हा दुटप्पीपणा आता पुरे करा. पुढच्या वेळी समिती बसेल तेव्हा एवढेच करा : अर्ज आदल्या रात्री वाचा. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा, आणि ते कामाचे असू द्या. गुण ज्याचे त्याने स्वतंत्र मांडावेत, मग एकत्र बसावे. काम हाताने करून दाखविण्याजोगे असेल, तर करून दाखवायला सांगा. आणि समोरचे पोर अडखळले तर हसू नका. एका हसण्याचे ओझे मी अजून वाहतो आहे.

दिवाळी सरली की मेहरूणची बोरे येतील. त्या वेळी जळगावला येणे झाले, तर तलावाकडे या. बाई तुमच्या हातावर बोर ठेवील. ते खाल्ल्यावाचून तिच्या मालाला नावे ठेवलीत, तर ती तुम्हांला काय ऐकवील, ते अस्सल खानदेशीत असेल. या सोज्वळ अंकात मला ते छापता येणार नाही.